धारेवरची तार

जिल्हा वेगळा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षापासून करडवाडीवर पाऊस रुसला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता, पण गावातल्या म्हाताऱ्यांनी तो जोडून टाकला होता. उस्मानाबादेत होतो तवा निदान जवारी तरी पिकायची, असं ते पारावर बसून म्हणत. आणि मग त्याच नव्या जिल्ह्याच्या रस्त्यासाठी खडी फोडायला सगळे सकाळी सातला शिरूरकडच्या माळावर जात, कारण गावात दुसरं काम उरलेलं नव्हतं.

व्यंकटी वारीकही जात होता. साठीला टेकलेला, हाडापेरानं बारीक, कमरेत किंचित वाकलेला. गावाची हजामत करणारं त्याचं एकच घर, तेही तीन पिढ्यांपासून. पण दाढीला पाणी लागतं, आणि टँकर दोन दिवसांआड यायचा. घरटी दोन घागरी मिळायच्या. त्यात कोण दाढी भिजवत बसणार? संक्रांतीपासून गावातल्या पुरुषांनी दाढ्या वाढवल्या. सगळी करडवाडी बैराग्यासारखी दिसायला लागली. मग व्यंकटीनं हत्यारांची धोकटी खुंटीला टांगली आणि हातोडी हातात घेतली. त्याच्या मागं बायको सरजाबाई टोपलं घेऊन निघाली, आणि मुलगा रामकिशनही निघाला.

तीन महिने झाले होते. डाव्या हातानं दगड धरायचा, उजव्या हातानं हातोडी हाणायची. पहिल्या आठवड्यात फोड आले, दुसऱ्या आठवड्यात ते फुटले, आणि मग जे घट्टे पडले ते कायमचे. व्यंकटीला त्याचं फार काही वाटलं नाही. सगळ्यांचेच हात तसे झाले होते. हाताला आता निदान दुखत तरी नाही, म्हणून तो उलट खूशच होता.

पोस्टमन थेट खडीच्या ढिगावर आला तो मंगळवार होता. रामकिशननं पाटी खाली ठेवली, हात पायजम्याला पुसले आणि पाकीट फोडलं. तो सातवी पास होता. त्याचं नाव नोकरीच्या कचेरीत लागून चार वर्षं झाली होती. ते तो विसरलाही होता.

"आबा, नोकरीचा कॉल आलाय," तो म्हणाला. "जिल्ह्याच्या दवाखान्यात न्हाव्याची जागा हाय."

"दवाखान्यात न्हावी कशाला?" ढिगाच्या पलीकडून नागुबाईनं विचारलं.

"आपरेशनच्या आधी पेशंटचं अंग साफ करावं लागतं, काकू. सरकारी जागा हाय. कायमची." त्यानं पुन्हा कागद वाचला. "सोमवारी धा वाजता बोलावलंय. आपापली हत्यारं आणायची. करून दाखवायला येक मानूस सोबत आणायचा, आठ दिसाची दाढी वाढलेला."

"दाढ्याला काय तोटा!" कोणीतरी म्हणालं, आणि ढीगभर माणसं हसली.

व्यंकटी हसला नाही. त्यानं हातोडी मांडीवर आडवी ठेवली. रामकिशनला जूनमध्ये पंचवीस पुरी होत होती, आणि सरकारी वयाची अट तिथंच संपत होती. हा कॉल म्हणजे पहिला आणि शेवटचा. ही जागा मिळाली तर पोरगा या ढिगावरून उठेल, नाहीतर त्याचेही हात इथंच दगड होऊन जातील, हे त्याला लखलखीत कळलं.

त्या दिवशी कामावरून परत येताना रामकिशन हळूच म्हणाला, "आबा, ष्टँडाजवळ सलूनमधी माझा वळखीचा हाय. त्याच्याकडून ब्लेडवाला वस्तरा घेऊ का येक दिवसापुरता? अर्धी पत्ती घातली की झालं. दगडावर लावायचं कामच न्हाई."

"ब्लेड?" व्यंकटी थांबला. "आपल्या घरात वस्तरा असताना?"

"तसं न्हवं..."

"माझ्या बापानं हैद्राबादहून आणलेलं पोलाद हाय ते. डागदर म्हन्जे शिकलेला मानूस. त्याला बघताच कळंल, हे पोरगं कुण्या घरचं हाय ते. ब्लेड काय, कुनीबी लावतंय. धार लावनं वारकाला येतंय."

रामकिशन काही बोलला नाही. बापापुढं तो कधी बोलत नसे. व्यंकटीला त्याचं ते गप्प बसणं मान दिल्यासारखं वाटलं आणि तो उरलेली वाट छाती काढून चालला.

माणूस शोधायला मात्र तो स्वतः निघाला. पहिल्यांदा गेला महादेवप्पाकडं. महादेवप्पाचं किराणा दुकान होतं, वर विहिरीलाही थोडं पाणी होतं. सबंध गावात दर शनिवारी दाढी करून घेणारा तो एकच माणूस उरला होता.

"अप्पा, येवढ्या बारीला दाढी राहू द्या. सोमवारी पोरासंगं जिल्ह्याला चला. जान्यायेन्याचं भाडं मी देतो."

महादेवप्पानं तराजूतून मान वर केली. "माझी दाढी काय नमुना हाय का रे व्यंकटी, दवाखान्यात न्हेऊन दाखवायला?" आणि मग दुकानात बसलेल्या दोघांकडं बघून म्हणाला, "ऐकलं का? वारीक मला भाडं देऊन राहिला."

ते दोघं हसले. व्यंकटीही हसला, कारण अशा वेळी हसायची त्याला सवय होती. बाहेर पडला तेव्हा त्याचे कान तापले होते.

बाकी कोणाला विचारायची सोयच नव्हती. सोमवारी गैरहजर राहिलं तर मुकादम हजेरीतून नावच काढत होता. बुधवारी दुपारी भाकरीच्या सुट्टीत व्यंकटी हे सगळं बडबडत बसला होता. शेजारी भीमा होता. भीमा बौद्धवाड्यातला, व्यंकटीच्याच वयाचा, उंच, हातापायानं दणकट. ढिगावर जागा ज्याची त्याला मिळेल तशी होती, आणि या दोघांना ती पहिल्या दिवशी शेजारी शेजारी मिळाली होती. तीन महिन्यांत दोघं गावात साठ वर्षांत बोलले नव्हते तेवढं बोलले होते.

"मी येतो," भीमा म्हणाला.

व्यंकटीनं घास तोंडाकडं नेता नेता थांबवला.

"काय बघून राहिलास? मला दाढी न्हाई का?" भीमानं हनुवटी पुढं केली. पांढरीकाळी, राठ, भरगच्च दाढी होती. "माझा मिलिंद तिकडंच नोकरीला हाय. त्याचीबी भेट व्हईल. मुकादमाचं मी बघतो, माझ्यावाचून त्याचा सुरुंग लागत न्हाई."

भीमाच्या वाड्यातल्यांची हजामत वारकाच्या घरानं करायची नाही, असं कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. पण व्यंकटीच्या आज्यानं केली नव्हती, बापानं केली नव्हती, आणि व्यंकटीनंही केली नव्हती. भीमाचा बाप मेंढरं कातरायच्या कात्रीनं केस कापायचा. भीमा आरशाच्या तुकड्यात बघून ब्लेडनं आपली आपण दाढी करायचा. व्यंकटीनं ती केली असती तर दुसऱ्या दिवशी महादेवप्पानं आणि बाकीच्या घरांनी त्याला उंबऱ्यावर उभं केलं नसतं. व्यंकटी याला भीत आला होता, आणि भितो म्हणून तो त्याला रीत म्हणत होता.

"तुझ्यासाठी न्हाई येऊन राहिलो," भीमा म्हणाला. "पोरासाठी येतो. माझ्या मिलिंदाचं डोस्कं त्यानं साळंत असताना वढ्यात बसून केलंय. चार वर्सं. तुला ठाव न्हाई ते."

व्यंकटीला खरंच ठाऊक नव्हतं. त्यानं पोराकडं पाहिलं. रामकिशन लांब टोपली भरत होता.

"लई उपकार झाले भीमा," व्यंकटी म्हणाला. आणि जे बोलायला नको होतं तेही त्याच्या तोंडून निघालंच. "पन येक हाय. गावात कुनाला बोलू नको. आमच्या हातून तुझी दाढी झाली म्हून. मला घरं संभाळायची हायत."

भीमानं भाकरीचा तुकडा मोडला. तो तुकडा त्यानं परत फडक्यात ठेवला.

"चाळीस वर्सात माझ्या गालाला तुझ्या घरचं लोखंड लागलं न्हाई," तो म्हणाला. "आता लागंल तर चोरून." मग तो उठला, धोतर झटकलं, आणि हातोडी उचलताना म्हणाला, "बरं. न्हाई बोलत."

गुरुवारी शिरूरचा बाजार, म्हणून कामाला सुट्टी. व्यंकटीनं खुंटीवरची धोकटी काढली. अंगणात बोरीच्या सावलीत पोतं अंथरलं आणि त्यावर एकेक वस्तू मांडली. कात्री, वाटी, आरसा, चामड्याचा पट्टा, आणि फडक्यात गुंडाळलेली सिल्ली. सिल्ली म्हणजे वस्तऱ्याला धार लावायचा काळसर दगड, वर्षानुवर्षं वापरून मधे जरासा खोलगट झालेला. शेवटी वस्तरा उघडला. पात्यावर दोन ठिकाणी तांबूस ठिपके आले होते आणि टोकाशी दोन बारीक खांडी पडल्या होत्या. शनिवारी महादेवप्पाची दाढी व्हायची ती कशीबशी पट्ट्यावर मारून. तीन महिन्यांत त्यानं वस्तरा एकदाही दगडाला लावला नव्हता.

"पानी आन."

सरजाबाईनं तांब्याभर पाणी आणून ठेवलं, पण तांब्यावरचा हात काढला नाही. "प्यायला न्हाई अन् दगडाला पाजा."

"पोराच्या कामाचं हाय."

"म्हून तर देऊन राहिले."

टँकरच्या तळाचं पाणी होतं. व्यंकटीनं ते धोतराच्या सोग्यातून दोनदा गाळून घेतलं. वाळूचा एक कण जरी दगडावर राहिला तर धारेला खांड पडते. त्यानं सिल्लीवर चार थेंब सोडले, पातं आडवं टेकवलं, पाठ आणि धार दोन्ही दगडाला चिकटून, आणि सरकवलं. धार पुढं, पाठ मागं. टोकाला पाठीवर उलटं केलं आणि परत आणलं. बापानं त्याला हे शिकवलं तेव्हा पहिलं वर्षभर नुसता लाकडाचा तुकडा हातात दिला होता. हात विसरला नव्हता. खांडी गेल्या, ठिपके गेले, दगडावर राखी रंगाची पातळ मळी जमली आणि व्यंकटीला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. तो गुणगुणायला लागला. सरजाबाई दारात उभी राहून बघत होती. तिलाही बरं वाटलं.

मग त्यानं पातं पुसलं आणि डाव्या तळहाताच्या फुगीर भागावर अलगद ओढलं.

धार झाली की नाही हे तळहात सांगतो. डोळ्याला ते दिसत नाही. कच्ची धार तळहातावर गुळगुळीत सरकते. झालेली धार किंचित धरते, मांजरीच्या जिभेसारखी. आणि दगडावर जास्त घासलं तर धारेला तार येते. केसाहून बारीक, लवलवती, पोलादाचीच तार. ती तळहातावर ओढते, खुपते, आणि मग माणूस थांबतो, पट्ट्यावर मारून तार पाडतो. तार ही मोठी लबाड वस्तू. हातावरचे केस ती सपासप कापून दाखवते, धार जमली असं वाटायला लावते, आणि दाढीच्या मध्यावर जाऊन मुडपते. व्यंकटीनं हे रामकिशनला शंभरदा सांगितलं होतं. केसाचं ऐकू नको, तळहाताचं ऐक.

आज तळहात काहीच बोलला नाही.

त्यानं पुन्हा ओढलं. जरा खाली, जरा वर. घट्ट्यावरून पातं गेलं ते लाकडावरून गेल्यासारखं. त्यानं हात पाण्यात बुडवला, पायरीवर घासला, पुन्हा ओढून पाहिलं. काही नाही. मग उजवा तळहात पाहिला. तोही मेलेला. कोपराच्या आतल्या मऊ कातडीवर ओढून पाहिलं. तिला कळत होतं, पण काय कळतंय ते तिला सांगता येत नव्हतं. तिला कधी कोणी शिकवलंच नव्हतं.

"हिकडं ये," त्यानं सरजाबाईला हाक मारली. "हात दे."

तिनं हात पुढं केला. त्यानं तिच्या तळव्यावर अंगठा फिरवला. तोही पत्र्यासारखा होता. तिच्याही बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. त्यानं हात सोडून दिला.

"काय झालं वो?"

"काही न्हाई."

"सांगा की."

"म्हटलं न काही न्हाई!" तो ओरडला. ती निमूट आत गेली.

पुरेशी झाली की नाही कळेना, म्हणून त्यानं आणखी दहा हात मारले. पुन्हा पाहिलं. आणखी दहा. पोराच्या जन्माचा प्रश्न होता, कमी पडायला नको. आणखी वीस. ऊन बोरीखालून सरकत त्याच्या मानेवर आलं, तांब्यातलं पाणी संपलं, शेवटचे काही हात त्यानं थुंकी लावून मारले. मग हातावरच्या केसांवर पातं धरलं. केस उडाले. स्पर्शाआधीच उडाल्यासारखे उडाले. हे तारेचंही लक्षण असतं हे त्याला माहीत होतं. त्यानं तिकडं पाठ फिरवली. केस उडाले ना, मग झाली धार, असं त्यानं स्वतःला सांगितलं. लावलेली धार मोडायला नको म्हणून शनिवारची महादेवप्पाची दाढीही त्यानं सबब सांगून टाळली. रविवारी संध्याकाळपर्यंत तो येता जाता पट्ट्यावर मारत राहिला, पण एवढी वाढलेली तार पट्ट्यानं पडत नाही, नुसती सरळ होते.

रामकिशननं वस्तरा हातात घेतला, उन्हात धरला. त्यानंही आपल्या घट्टे पडलेल्या तळहातावर ओढून पाहिला, मग बापाच्या तोंडाकडं पाहिलं.

"कसा हाय?" व्यंकटीनं विचारलं.

"तुम्ही लावलाय म्हन्ल्यावर काय," रामकिशन म्हणाला.

सोमवारी पहाटेच्या गाडीनं तिघं निघाले. भीमा ठरल्याप्रमाणे गावात चढला नाही, पुढच्या फाट्यावर चढला. वाटेत सगळी रानं बोडकी होती, धुरळा खिडकीतून आत येत होता. जिल्ह्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा आठ वाजले होते. सलून कोपऱ्यावरच होतं. आत फिरती खुर्ची होती, आरशाला आरसा लावलेला होता, आणि एक पोरसवदा कारागीर ब्लेडची पत्ती मोडून वस्तऱ्यात बसवत होता. रामकिशन तिथं थांबला. त्यानं बापाकडं पाहिलं.

तो क्षण व्यंकटीच्या हातात होता. घे बाबा, एवढं म्हणायचं होतं. त्याला ते म्हणायचंही होतं. पण म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. आपला हात गेला, हे पोराला आणि भीमाला भर रस्त्यात सांगावं लागलं असतं.

"उशीर व्हतोय," तो म्हणाला आणि पुढं चालायला लागला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात अकरा जण होते. सगळ्यांच्या पिशव्यांत ब्लेडचे वस्तरे. रामकिशननं धोकटी उघडली तेव्हा दोघांनी वाकून पाहिलं. एक जण म्हणाला, "म्यूझियममधून आणला काय?" रामकिशन कानशिलापर्यंत लाल झाला. व्यंकटीनं पट्टा खिडकीच्या गजाला अडकवला आणि जाता जाता शेवटचे वीस हात मारून दिले.

नाव पुकारलं. रामकिशन आणि भीमा आत गेले. व्यंकटी खिडकीशी उभा राहिला.

आत एक डॉक्टर होता, चाळिशीचा, चष्मेवाला, कंटाळलेला. शेजारी एक नर्सबाई वहीत लिहीत होती. रामकिशननं दाढी छान भिजवली, साबण चढवला, डाव्या हाताच्या बोटांनी गालाची कातडी ताणली आणि कानाखाली पहिला हात घेतला. सर्र. पांढऱ्या फेसात स्वच्छ सावळा पट्टा उमटला. डॉक्टर पुढं वाकला. दुसरा हात, तिसरा हात. उजवा गाल लोण्यासारखा झाला.

"पारंपरिक हत्यार आहे, पण हात चांगला आहे," डॉक्टर नर्सबाईला म्हणाला.

व्यंकटीनं डोळे मिटले. देवा, एवढं निघू दे, एवढंच निघू दे, असं तो मनात म्हणत होता.

मग आवाज बदलला. बाकी कोणाला तो कळला नसता. सर्र होतं त्याचं खर्र झालं. तार मुडपली. थांब, पट्ट्यावर मार, आधी पट्ट्यावर मार, असं त्याला गजातून ओरडायचं होतं. रामकिशनलाही कळलं असावं, कारण त्याचा हात किंचित अडखळला. पण डॉक्टर बघत होता, आणि पट्टा बाहेर खिडकीला लटकत होता. त्यानं जोर दिला. जबड्याखालच्या राठ केसांत पातं अडकलं, उचकलं, आणि हनुवटीच्या कडेला फेसात लाल रेघ फुटली. बघता बघता ती मानेपर्यंत उतरली.

भीमा तसूभर हलला नाही. डोळे उघडे ठेवून छताकडं बघत बसला होता. रक्त गळपट्टीत गेलं तेव्हा तो म्हणाला, "मीच हाललो, सायेब. खोकला आला मला. पोराचा हात चांगला हाय."

"मी बघत होतो," डॉक्टर म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, त्याच्या आवाजात राग नव्हता. "आणि पेशंट तर हलणारच, बाबा. बाई, यांना ड्रेसिंग करून द्या. पुढचा बोलवा."

रामकिशन बाहेर आला. त्याच्या हातात वस्तरा उघडाच होता, पात्यावर फेस आणि रक्त. "हात चुकला, आबा," तो म्हणाला. "कसा काय चुकला कळंना."

व्यंकटीनं वस्तरा त्याच्या हातातून घेतला, धोतराला पुसला आणि मिटला. बोलायची हीच वेळ होती. पण पोराचं तोंड बघून त्यानं वस्तरा नुसता धोकटीत टाकला.

रामकिशन नळावर वाटी धुवायला गेला तेव्हा भीमा पायरीवर येऊन बसला. हनुवटीला कापूस आणि चिकटपट्टी, अर्धी दाढी झालेली, अर्धी तशीच. व्यंकटी त्याच्यापुढं उकिडवा बसला.

"भीमा, पोराचा हात न्हवता. तार व्हती. माझा हात मेलाय, मला कळलंच न्हाई."

"मला कळलं व्हतं," भीमा म्हणाला. "दुसऱ्याच हाताला. वढत व्हता वस्तरा."

"मग बोलला का न्हाईस? थांब म्हनायचं की!"

"बोललो असतो तर तूच म्हन्ला असतास, ह्याला काय कळतंय दाढीतलं." भीमानं चिकटपट्टी चाचपली. "पोराला सांग. त्याला वाटून राहिलंय त्याचा हात चुकला. जलमभर वाटंल."

"सांगतो," व्यंकटी म्हणाला.

भीमा मिलिंदकडं गेला, रात्री तिथंच राहिला, उरलेली दाढी त्यानं तिथंच केली असावी. बापलेक दुपारच्या गाडीनं परतले. दोन तासांच्या वाटेत व्यंकटीनं तीनदा घसा खाकरला. तिसऱ्यांदा रामकिशननं विचारलं, "पानी पायजे का, आबा?" व्यंकटी म्हणाला, "न्हाई." घरी सरजाबाई दारातच उभी होती. दोघांची तोंडं बघून तिनं चुलीवर तवा ठेवला.

मंगळवारी सकाळी सात वाजता सगळे ढिगावर होते. भीमा पहिल्या गाडीनं आला आणि फाट्यावर उतरून थेट कामावर बसला. दाढी साफ झालेली होती, त्यामुळं हनुवटीवरची चिकटपट्टी लांबूनही दिसत होती. त्या दाढीवाल्या गर्दीत तेवढा एक चेहरा उघडा होता.

"आगं माय!" नागुबाईनं टोपली टेकवली. "तोंडाला काय करून घेतलंस रे भीमा?"

व्यंकटीची हातोडी वरच्या वर राहिली. पलीकडं रामकिशन फावडं घेऊन उभा होता, त्यानं मान खाली घातली.

"दाढी करताना कापलं," भीमा म्हणाला. "पोराकडं गेलो व्हतो. माझं मीच, ब्लेडनं."

"येवढं?"

"येवढं."

त्यानं दगड पुढं ओढला आणि फोडायला लागला. व्यंकटीकडं त्यानं पाहिलंही नाही. बरं म्हटलं होतं, ते तो पाळत होता.

नागुबाई हसली. तिच्या मनात काही नव्हतं, ती बाई सगळ्यांनाच अशी बोलायची. "घरच्या ब्लेडाचं असंच असतंय बघ. हे वारकाच्या हाताचं काम हाय. आमच्या व्यंकटीदाजीचा हात लागला असता तर टिपूस तरी आला असता का?" आणि ती व्यंकटीकडं वळली. "व्हय की न्हाई वो दाजी?"

सगळे व्यंकटीकडं बघायला लागले. भीमाची हातोडी चालत होती. रामकिशननं मान वर केली. व्यंकटीनं आपल्या डाव्या हाताकडं पाहिलं, त्यात दगड होता. तोंड उघडलं तेव्हा तो खरं बोलणार होता, अगदी खरंच बोलणार होता.

"व्हय," तो म्हणाला.

मग त्यानं हातोडी खाली आणली. दगडाचे दोन तुकडे झाले, आणि मुकादमानं हजेरी घ्यायला सुरुवात केली.